पोरांच्या मार्कांवरून शिक्षकांचं ट्रेनिंग ठरवता येतं का?

आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेचे, म्हणजे शिक्षकांच्या ट्रेनिंगच्या बैठकीचे विषय ठरवायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय. दर वेळी वरून आलेला पीपीटी दाखवतात, चहा-बिस्किट होतं नि सगळे घरी. म्हटलं या वेळी पॅट चाचणीच्या (राज्यभर शाळांमध्ये ठरावीक काळाने होणाऱ्या परीक्षेच्या) मार्कांवरून ठरवू, तर एक्सेलमध्ये नुसत्या सरासऱ्या. चौथीचं गणित कच्चं, बरं मग पुढे काय? परखचा, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या सर्व्हेचा रिपोर्ट चालेल का?

उत्तर १
परख नको. डिसेंबर २०२४ चा तो सर्व्हे निवडक शाळांमधल्या तिसरी, सहावी, नववीच्या पोरांचा, त्यावरून जिल्ह्याचं चित्र कळतं, तुमच्या वर्गाचं नाही. सरळ उत्तरपत्रिका काढा आणि मार्क नाही, चुका बघा. आमच्याकडे ५०२ − १७८ चं उत्तर कितीतरी पोरांनी ४७६ लिहिलेलं, म्हणजे हातचा घेतच नाहीत, मोठ्या अंकातून लहान वजा करून मोकळी! मग परिषदेत दोन तास फक्त हेच घेतलं, मधे शून्य आलं की शंभराची नोट मोडून कसं दाखवायचं, प्रत्येकाने करून दाखवायचं. पंधरा दिवसांनी तसलीच चार गणितं पोरांना परत दिली.

उत्तर २
फक्त एक करा, शिक्षकांची नावं लावून मार्कांचा तक्ता दाखवू नका हं. एका ठिकाणी शाळांची क्रमवारी प्रोजेक्टरवर लावली, पुढच्या चाचणीत सगळ्यांचे मार्क आपोआप वाढले 😄

मूळ प्रश्नकर्ता
आत्ताच गठ्ठा उघडला सर, ४७६ वाले आमच्याकडेपण निघाले!