उतारावरचा न्यूट्रल आणि टायरमधील हवा

बेळगाव-गोवा मार्गावरील चोर्ला घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये (गिअर काढून) सोडल्यास पेट्रोल वाचते, असे काही जण म्हणतात. त्याबाबत थोडी भर घालावीशी वाटते. इंधन-इंजेक्शन (इंजिनात इंधन फवारणारी यंत्रणा) असलेल्या आजच्या गाड्यांत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की चाकेच इंजिन फिरवतात आणि इंजिनाचे फेरे फार उतरेपर्यंत इंधनाचा पुरवठा बंद राहतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते, शिवाय सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. पावसाळ्यात याच मार्गावरील कणकुंबी गावाच्या पुढे ओल्या वळणांवर हा धोका कृपया पत्करू नये.

टायरचे म्हणाल, तर हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, आणि रबर दबून पूर्ववत होताना जी ऊर्जा उष्णतेत जाते ती इंधनातूनच येते. हवा टायर थंड असतानाच तपासावी. बेळगावहून निपाणीपर्यंत जाऊन तिथल्या पंपावर मोजल्यास तापलेल्या टायरमुळे आकडा वाढलेला दिसतो. बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर दिलेला दाब प्रमाण मानावा, टायरवर कोरलेला कमाल दाब नव्हे. रुंद टायरमुळे ॲव्हरेज बहुधा घटतेच.

महामार्गावर मात्र वेग निर्णायक ठरतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटरने गेल्यास तो सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो. गळीत हंगामात संकेश्वरच्या बाजूला उसाचे ट्रॅक्टर दुरून दिसताच पाय सैल केला, तर ब्रेक मारून पुन्हा वेग घेण्यात जाणारे इंधनही वाचते.