जठराचा कॅन्सर यकृतात पसरलाय, मग ऑपरेशन का नको म्हणतात?

प्रश्न:
वय ६२, जठराचा कॅन्सर, यकृतात तीन गाठी. डॉक्टर थेट केमो म्हणतात. गाठी काढून का टाकत नाहीत? हातात वेळ किती असतो? स्पष्ट सांगितलंत तरी चालेल.

प्रतिसाद १:
ही चौथी स्टेज. स्कॅनमध्ये तीन गाठी दिसतात, पण रक्तातून पेशी आणखी कुठे जाऊन बसल्यात ते दिसत नाही. २०१६ च्या रेगाटा या रुग्णांवरच्या चाचणीत आधी जठर काढून मग केमो दिलेल्यांचं आयुष्य वाढलं नाही, केमोचा त्रास मात्र जास्त झाला. त्यामुळे रक्तस्राव थांबेना किंवा अन्न पुढे सरकेना, तरच ऑपरेशनचा विचार. त्याआधीही रेडिएशन किंवा स्टेंटवर (अन्नाची वाट उघडी ठेवणारी जाळीची नळी) भागतं का ते बघतात.
उपचाराविना साधारण ३ ते ५ महिने, केमोने वर्षाच्या आसपास. हा मध्यांक आहे, म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगतात.

प्रतिसाद २:
बायॉप्सीवर हर-टू, पीडी-एल१, एमएसआय आणि क्लॉडिन १८.२ या तपासण्या (गाठीच्या पेशींतल्या खुणा बघणाऱ्या) झाल्यात का? औषध त्यावर ठरतं. हर-टू ३+ (स्पष्ट पॉझिटिव्ह) असेल तर केमोसोबत ट्रास्टुझुमॅब, म्हणजे हर-टूवर नेम धरणारं औषध. २+ (संदिग्ध) असेल तर फिश तपासणी (हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी) झाल्याशिवाय काही धरून चालू नका. २०१० च्या टोगा चाचणीत या औषधाने मध्यांक ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेला. एमएसआय-हाय (पेशीची डीएनए दुरुस्ती बिघडल्याची खूण) क्वचितच निघतं, पण निघालं तर इम्युनोथेरपीचा (आपल्याच प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या औषधांचा) गुण काहींना कित्येक वर्षं टिकतो.
एक घोळ नेहमी होतो: हर-टू गाठीत सगळीकडे सारखा नसतो. एकदोनच तुकडे घेतले असतील तर निगेटिव्ह रिपोर्टवर फार विसंबू नका. ६ ते ८ तुकडे हवेत.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद. केपॉक्स नावाची केमो सुचवलीय, पण दोन घास खाल्ले की उलटी होते.

प्रतिसाद ३:
मग हे आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. केपॉक्समध्ये २१ दिवसांच्या सायकलीतले १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर अर्ध्या तासात घ्यायच्या असतात. गोळी पोटात ठरली नाही तर डोस अर्धवट जातो. अशा वेळी फॉलफॉक्स ही गोळ्यांशिवायची केमो बरी: पोर्ट (त्वचेखाली बसवलेली, शिरेत जाणारी नळी) बसवून दर दोन आठवड्यांनी औषधाचा ४६ तासांचा पंप.
ऑक्सॅलिप्लॅटिन हे शिरेतून द्यायचं औषध दोन्हींत आहे. त्याने गार पाण्याला हात लावला तरी झिणझिण्या येतात, गार प्यायलं तर घसा आवळतो. ते काही दिवसांत ओसरतं. पण दोन सायकलींच्या मध्ये बोटं बधिर राहू लागली, शर्टाचं बटण लावता येईना, तर पुढच्या डोसआधी सांगाच.
केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नका, रात्र असली तरी थेट इमर्जन्सीत.

प्रतिसाद १:
पॅलिएटिव्ह टीमची (त्रास कमी करणाऱ्या डॉक्टर-नर्सची) गाठही आताच घ्या. वेदना, भूक, उलट्या त्यांच्या हातात दिल्या की केमो झेपायलाही मदत होते.