शब्दचर्चा : बेसबॉलमधल्या 'प्रॉस्पेक्ट'ला मराठीत काय म्हणावं?

इंडियानाकर :

मंडळी, एका शब्दावर चांगलीच अडकलेय. बाबा इकडे आले होते तेव्हा त्यांना इंडियानापोलिसच्या व्हिक्टरी फील्डवर बेसबॉल बघायला नेलं. ही टीम म्हणजे पिट्सबर्ग पायरेट्सची ट्रिपल ए टीम, मेजर लीगच्या, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या लीगच्या, एक पायरी खाली. आउटफिल्डच्या मागे गवताचा उतार आहे, तिथे चादर टाकून बसलो, बाबा माकडटोपी घालून. एक कोवळा पोरगा पिचिंग करत होता, बोर्डावर ९७, ९८ मैल असे आकडे पडत होते (९८ म्हणजे ताशी १५८ किलोमीटरच्या घरात), समोरच्याची बॅट लागायलाच तयार नाही. आणि पाचव्या इनिंगला (सामना नऊ इनिंगचा असतो) कोच चालत चालत आला, त्याच्या हातातून बॉल घेतला, पाठीवर थाप मारली, पोरगा गेला आत.

बाबा म्हणाले, "का काढलं? लागलं का काय त्याला?" म्हटलं नाही हो, तो प्रॉस्पेक्ट आहे. "म्हंजे?" म्हटलं, होतकरू आहे. तर म्हणतात, "होतकरू हाय तर टाकू दे की!"

त्यावर मला उत्तरच सुचलं नाही. तर प्रॉस्पेक्टला नेमका शब्द काय? आणि ही सगळी पोरं जिथे वाढवतात त्या फार्म सिस्टीमला काय म्हणायचं? शेतपद्धत म्हटलं तर कृषी खात्याचं पत्रक वाटतं.

शब्दखोर :

होतकरू शब्द एके काळी झकास होता, होणे आणि करणे दोन्ही त्यात आहे. पण आता त्याच्या मागे 'गरीब व' चिकटलंय कायमचं. 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप'. श्रीमंत होतकरू तुम्ही कधी ऐकलाय? पिचर पॉल स्कीन्सला पायरेट्सनी २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, पहिल्या नंबरावर उचलला तेव्हा सही करायचेच ९२ लाख डॉलर दिले, त्याला होतकरू म्हटलं की डोळ्यासमोर वह्यांचा गठ्ठा येतो.

माझं मत 'उमेदवार'ला. उमेद असलेला तो उमेदवार, फारसीतून आलेला शब्द, आणि 'उमेदवारी करणे' म्हणजे वर्षानुवर्षं कमी पैशात काम शिकत राहणे. खालच्या लीगमधली पोरं अगदी हेच करतात. २०२३ मध्ये त्यांच्या युनियनचा पहिला करार झाला त्याआधी ट्रिपल एमध्ये वर्षाला किमान १७,५०० डॉलर मिळायचे, करारानंतर ३५,८०० झाले. खालच्या पायऱ्यांवर त्याहून कमी.

चहाटळ :

उमेदवार म्हटलं की आमच्याकडे लोक आधी पक्ष विचारतात.

तांबडी माती :

अहो ताई, शब्द आपल्या तालमीत आहे की. पट्ठा! वस्तादाचा पट्ठा. पट्ठ्याला वस्ताद पाच-पाच वर्षं राबवून घेतो, जोर बैठका, लपेट, खुराक, पण मोठ्या मैदानात लवकर उतरवत नाही, आधी जत्रेतली नारळावरची कुस्ती, मग शंभर-दोनशेची, मग पुढची. पोरगं कितीही शड्डू ठोकत असलं तरी जोड बघूनच लावायची. तुमच्या त्या कोचनं बॉल काढून घेतला ना, ते वस्तादानं लंगोट खुंटीला लावायला सांगितल्यासारखं.

शब्दखोर :

पट्ठा आवडला पण एक अडचण. पट्ठा एका वस्तादाचा असतो, ती निष्ठेची भानगड आहे. इथे जुलैअखेरीच्या सुमारास ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत संपायच्या आत एखादा तयार खेळाडू पाहिजे म्हणून दोन-तीन प्रॉस्पेक्ट दुसऱ्या क्लबला सरळ देऊन टाकतात. पोरगं सकाळी एका गावात नाश्ता करतं आणि संध्याकाळी दुसऱ्याच राज्यात. वस्ताद पट्ठे विकत नाही.

तांबडी माती :

हां, ते मात्र खरं.

काना-मात्रा :

मूळ धाग्यात 'फार्म' बरोबर लिहिलंय याबद्दल आभार. बऱ्याच ठिकाणी 'फॉर्म सिस्टीम' वाचलंय. फॉर्म भरायचा असतो किंवा हरवायचा असतो. तसंच पिचर म्हणजे पिच नव्हे, आपलं पिच म्हणजे खेळपट्टी आणि यांचं पिच म्हणजे टाकलेला चेंडू, त्यामुळे 'पिच चांगलं पडलं' याचे दोन्हीकडे वेगळे अर्थ.

पेठेतला पोस्टमन :

फार्मवर थोडं सविस्तर, कारण यात गंमत आहे. आपण फार्म म्हटलं की शेत समजतो, पण इंग्रजीतला हा शब्द मुळात लॅटिन फिर्मा, म्हणजे ठरलेली रक्कम, यावरून आला. म्हणजे आधी तो खंड होता, मक्ता होता, आणि खंडानं कसायला दिलेली जमीन म्हणून मग शेत झाला. एखादं काम बाहेर मक्त्यानं देणं याला अजूनही तेच क्रियापद आहे. खेळाडू असे छोट्या क्लबकडे 'लावून' द्यायची पद्धत जुनीच, पण ती साखळी म्हणून पक्की बांधली ब्रँच रिकीनं, १९२० च्या दशकात, सेंट लुईस कार्डिनल्ससाठी. त्याच्याकडे श्रीमंत क्लबांसारखे तयार खेळाडू विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून ढिगानं पोरं घ्यायची, छोट्या गावांतल्या क्लबांत वाढवायची, त्यातली चार निघतील ती आपली. हाच रिकी पुढे ब्रुकलिनला गेला आणि जॅकी रॉबिन्सनलाही त्यानं १९४६ मध्ये आधी मॉन्ट्रियलच्या फार्म टीममध्येच खेळवला, १९४७ ला वर आणला.

आता व्यवहार बघा. आजही बहुतेक छोट्या टीमचा मालक वेगळाच असतो. मैदान चालवणं त्याचं, तिकीटविक्री त्याची, हॉटडॉगचा गल्ला त्याचा. पण खेळाडू आणि कोच मोठ्या क्लबचे, त्यांचा पगार मोठा क्लब देतो, कुणी किती पिचिंग करायचं हेही तोच ठरवतो. आमच्या गावाकडे शेळी अर्धलीनं देतात, पाळणारा वेगळा, मालक वेगळा. फार्म सिस्टीमला याहून जवळचं काही मला दिसत नाही. फक्त इथे करडं वाटून घेत नाहीत, सगळी मालकाचीच.

चहाटळ :

म्हणजे अर्धली म्हणून नावाला, बाकी पुरती मालकाची. आमच्या हापिसासारखं आहे सगळं.

देवगडवाला :

मी बेसबॉल फक्त जाहिरातींच्या मध्ये बघितलेला माणूस, पण तो बॉल काढून घ्यायचा प्रसंग वाचला आणि आमची बाग आठवली. कलम लावलं की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच त्याला मोहोर येतो. नवीन माणूस खूश होतो. माझे आजोबा सरळ खुडून टाकायचे. पहिली तीन-चार वर्षं फळ धरू द्यायचं नाही, नाहीतर झाडाची वाढ खुंटते, खोड धरत नाही. मी लहानपणी रडलोय त्या मोहोरासाठी. तर इंडियानाकरताई, तुमच्या बाबांना सांगा, कोचनं मोहोर खुडला.

इंडियानाकर :

अहो देवगडवाले, हे काय लिहिलंत! आणि कलम तर इथे खरंखुरं करतात. पिचरच्या कोपरातला आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटतो, मग बहुतेक वेळा त्याच्याच मनगटाकडची एक कंडरा काढून तिथे ओवतात. डॉक्टर फ्रँक जोबनी १९७४ मध्ये डॉजर्स टीमच्या टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केलं, त्याचंच नाव ऑपरेशनला पडलं. तो १९७६ ला परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला, ऑपरेशननंतर १६४ सामने जिंकला. आता विशीतल्या पोरांचंही होतं हे. पायरेट्सचाच जॅरेड जोन्स, २०२४ ला मेजरमध्ये आला, २०२५ च्या मे महिन्यात कोपर ऑपरेशन टेबलावर. म्हणून तर इथले आकडेवाले लोक म्हणतात की पिचिंग प्रॉस्पेक्ट असं काही नसतंच, आज आहे उद्या हात गेला.

मला वाटतं माझी अडचण इथेच होती. होतकरू म्हणजे पुढे काहीतरी होईल असा. पण प्रॉस्पेक्टमध्ये आणखी एक गोष्ट आहे, त्याला मुद्दाम थांबवून ठेवलेलं असतं. स्कीन्सचंच बघा. २०२४ मध्ये इंडियानापोलिसला ७ सामने, मिळून २७.१ इनिंग (हे आपल्या ओव्हरसारखंच वाचायचं, २७ पुरत्या आणि वर एक आउट). म्हणजे सामन्याला चारसुद्धा नाहीत. ११ मे ला वर गेला, त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२५ ला साय यंग अवॉर्ड, म्हणजे सर्वोत्तम पिचरचं बक्षीस. खाली त्याला जमत नव्हतं असं नाहीच, त्याला राखत होते.

शब्दखोर :

आणि हे लेबल उतरतं कधी, तेही ठरलेलं आहे बरं का. पिचरच्या मेजरमध्ये ५० इनिंग्ज झाल्या की तो नवोदित राहत नाही, प्रॉस्पेक्टच्या याद्यांमधूनही नाव जातं. मराठीत 'नवोदित कवी' मात्र साठाव्या वर्षीही नवोदित असतो.

बॅकबेंचर :

मला यांचा 'ऑप्शन' सगळ्यात आवडतो. वरच्या टीममधून खाली पाठवला की म्हणतात ऑप्शन केला, आणि साधारण तीन मोसमांत असं करता येतं. इंजिनिअरिंगला परीक्षेच्या वेळी आम्ही अख्खं युनिट ऑप्शनला टाकायचो, म्हणजे सोडून द्यायचो, ते हेच. 'त्याला ऑप्शनला टाकलं', भाषांतराची गरजच नाही.

चहाटळ :

बरं, आपला रिंकू सिंग पण होता ना पायरेट्सकडे? केकेआरवाला?

बॅकबेंचर :

केकेआरवाला अलिगढचा, तो वेगळा. हा पण यूपीचाच, भालाफेक करणारा, डावरा. २००८ मध्ये भारतात जोरात चेंडू फेकायची स्पर्धा झाली होती, त्यातून हा आणि दिनेश पटेल निवडले गेले आणि वर्षअखेर पायरेट्सनी दोघांना करारावर घेतलं. आधी दोघांनी बेसबॉल हातात धरलेला नव्हता. २००९ ला फ्लोरिडात अगदी तळाच्या लीगमध्ये खेळले. दिनेश लवकर परतला, रिंकू काही वर्षं टिकला, पण हाताच्या दुखापती, मेजरपर्यंत नाही पोचला. नंतर डब्ल्यूडब्ल्यूईत गेला.

तांबडी माती :

बघा, शेवटी आखाड्यातच आला. पट्ठा!

इंडियानाकर :

काल बाबांशी फोनवर बोलले. मोहोर खुडण्याचं सांगितलं, पायऱ्या पण समजावल्या, की क्लबच्या खाली चार टीम असतात, सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए, आणि त्याखाली आणखी अगदी नवख्यांच्या लीग. पायरेट्सच्या त्या चार टीम म्हणजे ब्रेडंटन, ग्रीन्सबरो, अल्टूना, मग आमचं इंडियानापोलिस. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग आदत म्हण की. एवढं काय त्यात."

आमचं गाव कराडजवळचं, बैलगाडा शर्यतीचं वेड घरात. दुधाचे दात न पडलेला खोंड तो आदत, दोन दात आले की दुसा, मग चौसा, आणि सगळे दात आले की जुळला. शर्यतीत गट असेच पाडतात, आदत वेगळा पळतो, दुसा-चौसा वेगळे आणि मग ओपन. आदत कितीही वाऱ्यासारखा पळाला तरी शहाणा गाडीवान त्याला लगेच ओपनला जुंपत नाही. "खांद्यातनं जातंय जनावर," बाबा म्हणाले.

शब्दखोर :

मी उमेदवारी मागे घेतो.

काना-मात्रा :

'आदत' की 'अदंत'? मूळ अदंत असावं, बोलताना झिजलं असेल. शिवाय हिंदीतली आदत म्हणजे सवय, घोटाळा होईल.

इंडियानाकर :

घोटाळा झाला तर झाला. आमच्या घरात तोच शब्द चालू झालाय. मागच्या रविवारी बाबांनी फोनवर तब्येत विचारायच्या आधी विचारलं, "ते आपलं आदत पळालं का ओपनला?" म्हटलं, एकदा पळालं बाबा, परत ऑप्शनला टाकलंय.