दोन वूफर आणि ए विंगची भांडी

*ए-१०२:* सी-५०३ यांना नम्र विनंती. काल रात्री सव्वाअकराला तुमची गाडी गाणी वाजवत पार्किंगमध्ये आली तेव्हा आमच्या मांडणीवरची भांडी थरथरत होती. सासूबाई दचकून उठल्या. मागे तोंडी सांगून झालंय, म्हणून आज सोसायटीच्या ग्रुपवर लिहिते आहे.

*बी-१०१:* ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे १० ते ६. कृपया सर्वांनी वाचावे. 🙏

*ए-३०४:* भांडी गाडीमुळेच वाजली कशावरून? आमच्या विंगमध्ये कुणाचा तरी मिक्सर पण ११ ला सुरू असतो.

*ए-२०२:* कुणाचा तरी म्हणजे माझाच ना? सरळ नाव घ्या. इडलीचं पीठ माझं नऊच्या आत वाटून होतं.

*सी-५०३:* काकू, सॉरी. आजींनाही सांगा. गेल्या आठवड्यात गाडीत दुसरा वूफर (बेसचा, म्हणजे खर्जातल्या आवाजाचा स्पीकर) बसवून घेतला, पण बेस वाढायच्या ऐवजी कमीच झाला. म्हणून अँपचा (ॲम्प्लिफायरचा) गेन वाढवला होता.

*बी-४०३:* दोन लावून कमी झाला? मग चार लाव रे बाबा, सगळी सोसायटी शांत झोपेल 😀

*डी-२०१:* अहो, हसण्यावारी नेऊ नका, खरंच असं होतं. सी-५०३, जुना कोणता, नवा कोणता आणि अँप किती ओमला (ओम म्हणजे विजेला होणारा विरोध) चालतो, ते नीट लिही. मॉडेलचं नाव नको, आकडे हवेत.

*सी-५०३:* ताई, जुना १२ इंची, एक कॉइल (आतलं तारेचं वेटोळं), ४ ओम, ३०० वॉट आरएमएस. नवा १२ इंचीच, दुसऱ्या कंपनीचा, डबल कॉइल २-२ ओम, ५०० वॉट. मोनो अँप आहे. ४ ओमला ३०० आणि २ ओमला ५०० वॉट. २ ओमच्या खाली नेऊ नका असं पुस्तिकेत लिहिलंय. दुकानदार म्हणाला, वॉट जास्त म्हणजे बेस जास्त.

*ए-३०४:* बॉक्सवर तर २००० वॉट छापलेलं असतं!

*डी-२०१:* ते मॅक्स. त्याच्याकडे बघायचंच नाही. सतत पेलवतो तो आकडा आरएमएसचा. आणि वॉटच्या आधी ओम बघायचे. नव्याच्या दोन्ही कॉइल पॅरलल जोडल्या असत्या तर १ ओम, त्यात जुना ४ ओमचा जोडला की एकूण ०.८. तुझा अँप लगेच प्रोटेक्टमध्ये गेला असता, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडला असता. म्हणजे दुकानदाराने नव्याच्या कॉइल सिरीजमध्ये जोडल्या असणार. त्या झाल्या ४ ओम, जुन्याला पॅरलल केल्यावर एकूण २. अँप चालतो, पण सूर जुळत नाही.

*सी-५०३:* हो, नव्याच्या कॉइल सिरीजमध्येच आहेत. मग अडलंय कुठे?

*सेक्रेटरी:* ही चर्चा पर्सनलवर केली तर बरं. ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

*ए-१०२:* सेक्रेटरी साहेब, भांडी माझ्या घरात वाजतात. होऊ दे चर्चा इथेच. टाकीच्या लीकेजवर चार दिवस चालली तेव्हा कुणी पर्सनलवर पाठवलं नव्हतं.

*बी-१०१:* पुन्हा सांगतो. रात्री ४५ डेसिबल. १० ते ६.

*डी-२०१:* बहुतेक एका वूफरची प्लस-मायनस उलटी लागली आहे. एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, आणि डिकीतल्या डिकीत बेस एकमेकाला खातो. मग माणूस गेन वाढवतो. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे रे, स्टिरिओच्या सिग्नलशी अँप जुळवायचा स्क्रू आहे तो. जास्त फिरवलास की सिग्नलची टोकं छाटली जातात, कॉइल तापते आणि फाटका आवाज येतो.
तपासणं सोपं आहे. अँपची वायर सोड, रिमोटमधला दीड व्होल्टचा सेल घे. सेलचं प्लस वायरच्या प्लसला, मायनस मायनसला, क्षणभर टेकव. पडदा बाहेर आला पाहिजे. दोन्ही वूफरना हेच कर.

*ए-२०२:* मिक्सरचा विषय काढणाऱ्यांनी अजून माफी मागितलेली नाही.

*ए-३०४:* मी तुमचं नावच घेतलं नव्हतं!

*बी-४०३:* _हा मेसेज हटवला गेला_

*सी-५०३:* ताई, जुन्याचा पडदा बाहेर आला. नवा आत गेला!! वायर उलटी केली. आता गेन निम्म्यावर ठेवूनही पहिल्यापेक्षा छान वाजतंय.

*डी-२०१:* छान. पण नवा परत देता आला तर दे. दोघांना पेटी (वूफर बसवायचं खोकं) वेगवेगळ्या मापाची लागते, एकाच पेटीत ते एकमेकांना ढकलत राहणार. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत शोध, जुन्यासारखाच अगदी तोच घे. दोन ४ ओम पॅरलल म्हणजे २ ओम, अँपचे ५०० वॉट दोघांत अडीचशे-अडीचशे, आणि पेलण्याची ताकद ३००. याला म्हणतात जुळणी. पेटी बंदच ठेव. भोकाच्या पेटीत आवाज मोठा येतो, पण माप चुकलं की नुसता घुमतो. तुला तबल्याचा बायाँ आवडतो ना, त्याची मींड (घसरत जाणारा सूर) बंद पेटीत स्वच्छ ऐकू येते. लो-पास ८० हर्ट्झला लाव, म्हणजे त्याच्या वरचे सूर वूफरकडे जाणार नाहीत.

*ए-१०२:* म्हणजे भांडी वाजायची थांबणार का?

*डी-२०१:* काकू, खरं सांगते, फक्त जुळणीने नाही थांबणार. ४० हर्ट्झची लहर साडेआठ मीटर लांब असते, तुमच्या भिंतीला ती जुमानत नाही. फाटका आवाज जाईल, नंबर प्लेट खडखडते ती फोमपट्टीने थांबेल. बाकी गेटच्या बाहेरच बेस शून्यावर आणायचा, दिवसासुद्धा. सी-५०३, बेसचं वेगळं बटण स्टिअरिंगपाशी बसवून घे.

*सी-५०३:* नक्की ताई. काकू, उद्यापासून गेटबाहेरच बंद.

*ए-१०२:* ठीक आहे बाळा. बघू.

*बी-१०१:* दिवसा ५५.

*डी-२०१:* आता सगळ्यात महत्त्वाचं. बॅटरीपासून अँपकडे जी जाड वायर जाते, तिला बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज आहे का? अँपवरचा फ्यूज अँपला वाचवतो, वायरला नाही. सीटखाली वायर सोलली आणि बॉडीला टेकली तर बॅटरी सगळा करंट त्यात ओतते. कव्हर पेट घेतं, गाडी बंद असली तरी.

*सेक्रेटरी:* हे गंभीर आहे. मे महिन्यात बी विंगच्या स्कूटरचं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. सी-५०३, आज रात्रीच फोटो टाका.

*बी-४०३:* ती स्कूटर माझी होती. दर वेळी तिचा उल्लेख झालाच पाहिजे का?

*सेक्रेटरी:* उल्लेख सुरक्षिततेसाठी केला, दुखवायला नाही.

*सी-५०३:* आत्ता बॉनेट उघडून बघून आलो. बॅटरीपाशी फ्यूज नाहीये. वायर थेट टर्मिनलला आवळली आहे. ती सोडवून टोकाला टेप लावून ठेवली.

*डी-२०१:* शहाणा आहेस. अँपवर फ्यूज किती अँपिअरचे?

*सी-५०३:* ३०-३० चे दोन.

*डी-२०१:* मग बॅटरीपाशी ६० चा. वायर ४ गेज जाडीची, पूर्ण तांब्याची. घेताना टोक खरवडून बघ, आत पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, ती घ्यायची नाही. रविवारी सकाळी गाडी डी विंगपाशी आण, क्रिम्पिंगची (वायरचं टोक दाबून बसवायची) पक्कड माझ्याकडे आहे.

*ए-३०४:* ताई, माझ्या पोरानेही गेल्या महिन्यात बसवून घेतलाय. मी पण गाडी आणू का?

*डी-२०१:* आणा. आणि तोवर वायर सोडवून ठेवा.