एमएमपी-९ सेन्सर: एन्झाइम न टाकताही पीक उतरतोय

धंतोली_लॅब
एमएमपी-९ हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम मोजायचा सेन्सर करतोय. सोन्याच्या स्क्रीन-प्रिंटेड इलेक्ट्रोडवर पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) बसवलंय. एका टोकाला सोन्याला धरणारं सिस्टीन, मध्ये एन्झाइम तोडतं तो अमिनो आम्लांचा क्रम जीपीएलजीव्हीआरजी, दुसऱ्या टोकाला विजेचा सिग्नल देणारा रंग मिथिलीन ब्लू. पेप्टाइड तुटलं की रंग सुटून सिग्नल उतरायला हवा. मोकळी जागा मर्कॅप्टोहेक्झेनॉलने भरली. पण नुसत्या पीबीएसमध्ये (फॉस्फेट बफर) ३७ अंशांवर तासभर ठेवलं तरी स्क्वेअर वेव्ह मोजणीतला पीक (प्रवाहाचा उंचवटा) पाचव्या हिश्शाने उतरतो, आणि एन्झाइम टाकूनही त्यापेक्षा फारसा उतरत नाही. एन्झाइम 'प्रो' (निष्क्रिय) रूपातलं आहे, एपीएमए या रसायनाने सक्रिय करून थेट टाकतो. स्कॅन ० ते −०.६ व्होल्ट. लॅबमध्ये एसी नाही, कूलर आहे. चुकतंय कुठे?

थायॉलवाला
आधी पीबीएस सोडा. एमएमपी-९ च्या सक्रिय जागी झिंक असतं आणि घडी टिकायला कॅल्शियम लागतं. ते पीबीएसमध्ये घालायला जाल तर फॉस्फेटबरोबर साका बसेल. ट्रिस ५० मिलिमोलर, पीएच ७.५, सोडियम क्लोराइड १५०, कॅल्शियम क्लोराइड १० मिलिमोलर घ्या. ब्रिज-३५ (डिटर्जंट) घालणार असाल तर ब्लँकमध्येही (एन्झाइम नसलेल्या मोजणीत) तेवढंच घाला.

खरी गोम एपीएमएत दिसते. ते पाऱ्याचं संयुग आहे. प्रो-एन्झाइममधल्या सिस्टीनला ते ज्या ओढीने धरतं, त्याच ओढीने तुमच्या थायॉललाही (थर सोन्याला धरून ठेवणारा गंधकाचा गट) धरणार, म्हणजे सोन्यावरचा थर विस्कटायचा धोका. १ मिलिमोलर एपीएमए, ३७ अंश. एमएमपी-२ ला तासभर पुरतो, एमएमपी-९ ला बरेच तास लागतात. त्यानंतर डिसॉल्टिंग स्पिन कॉलममधून (छोटे रेणू अडवणारी नळी) काढा, मगच इलेक्ट्रोडवर टाका. एन्झाइमशिवायचं एपीएमए त्याच कॉलममधून काढून वेगळा ब्लँक ठेवा. डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल असलेला बफर तर इलेक्ट्रोडच्या जवळही नको, तीही थायॉलच आहेत.

स्क्वेअरवेव्ह_नागपूर
ब्लँक उतरण्याबद्दल. ताज्या थरात नुसतेच चिकटलेले रेणू असतात, ते सुटत राहतात. चाचणीच्याच बफरमध्ये भिजवून लागोपाठचे पीक सारखे येईपर्यंत स्कॅन करा, तिथून शून्य धरा. मिथिलीन ब्लूचा पीक साधारण −०.२५ व्होल्टच्या आसपास येतो, म्हणून −०.०५ ते −०.४५ एवढंच स्कॅन करा. खाली गेलात की ऑक्सिजनची पार्श्वभूमी चढते. ॲम्प्लिट्यूड २५ मिलिव्होल्ट. वारंवारता ५० हर्ट्झ किंवा तिच्या पटीत नको, मेन्सचा गोंगाट घुसतो.

आणि कूलर! वाऱ्याच्या झोतात ५० मायक्रोलिटरचा थेंब तासभर टिकत नाही. ओला टिश्यू ठेवलेल्या झाकणबंद पेट्री डिशमध्ये ठेवा. बाष्पीभवन ओळखायची खूण अशी: छापलेला चांदीचा रेफरन्स क्लोराइडवर चालतो, त्यामुळे थेंब आटून मीठ दुप्पट झालं की पीक सुमारे १८ मिलिव्होल्ट धनाकडे सरकतो. पीक जागेवरच राहून उंची घटली, तर थर सुटतोय.

तुटलेला तुकडाही थरावर रेंगाळतो, म्हणून धुऊन कोऱ्या बफरमध्येच मोजा.

धंतोली_लॅब
पीक खरंच सरकतोय, उंचीकडेच बघत होतो. डी-अमिनो आम्लांचं (एन्झाइमला न तुटणारं) पेप्टाइड कंट्रोल म्हणून मागवावं का? महाग पडतंय.

थायॉलवाला
शेवटी लागेलच, पण सुरुवातीला ईडीटीएवर भागेल, ते कॅल्शियम आणि झिंक ओढून एन्झाइम बंद पाडतं. कॅल्शियमपेक्षा जास्त हवं, २५ मिलिमोलर घाला. तरीही पीक तेवढाच उतरला तर ते एन्झाइमचं काम नाही.

मेडिकल कॉलेजमधून रक्ताचे नमुने आणणार असाल तर जांभळ्या झाकणाची ट्यूब नको, तिच्यात ईडीटीएच असतं. हेपॅरिनची हिरवी घ्या. सीरमही टाळा, रक्त गोठताना पेशींतून एमएमपी-९ बाहेर पडतं. आकडा एलायझाशी (अँटिबॉडी वापरून मोजायची चाचणी) जुळला नाही तर दचकू नका, बरेच किट प्रो रूपही मोजतात. हे पेप्टाइड एमएमपी-२ सुद्धा तोडतं, तेव्हा अहवालात 'एमएमपी-९' असं छातीठोक लिहू नका.