अळीच्या लाळग्रंथीत दोन साइजच्या पेशी का दिसतात?

समुद्रकाठ_टीवाय:
नमस्कार, मी टीवाय (बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला) झूलॉजीला आहे, रत्नागिरीत. सोमवारी पॉलिटीन क्रोमोसोमचं, म्हणजे अळीच्या लाळग्रंथीत दिसणाऱ्या जाडजूड क्रोमोसोमचं, प्रॅक्टिकल आहे. परसात काजूच्या बोंडांचा ढीग कुजत पडलाय, त्यावरच्या फळमाश्या बाटलीत ठेवून अळ्या वाढवल्या आणि काल कॉलेजात ग्रंथी काढून बघितली, पहिल्या चार अळ्या फुकट गेल्या मग जमलं. ऑर्सिन हा रंग टाकल्यावर पेशी मोठमोठ्या दिसल्या, आत पट्ट्यापट्ट्यांचे क्रोमोसोम, पण जिथे ग्रंथी संपून नळी सुरू होते तिथे अगदी बारीक पेशींचं एक कडं दिसलं, न्यूक्लियस इवलंसं. मी चुकून दुसरंच काही ओढून काढलंय का? आणि अळी चार-पाच दिवसात एवढी फुगते तरी नोट्समध्ये लिहिलंय की ग्रंथीतल्या पेशींचं विभाजन होत नाही. मग ग्रंथी वाढते कशी? हे डोक्यातून जातच नाहीये.

परशुराम_घाट:
तू बरोबरच काढलंयस, आणि ते कडं दिसलं म्हणजे हात चांगला बसलाय, बहुतेकांचं ते ओढताना तुटून जातं. अळी अंड्यात असतानाच ग्रंथीच्या पेशी ठरतात, एका बाजूला शंभराच्या वर, आणि त्यानंतर एकही नवी होत नाही. पेशी फक्त मोठ्या होतात. त्यासाठी आतला डीएनए दुप्पट होत राहतो पण पेशी तुटत नाही, असं साधारण १० वेळा, म्हणजे एकाच्या १०२४ प्रती, आणि त्या सुट्या न होता एकमेकींना चिकटून जुडीसारख्या राहतात. सगळ्यांवरचे दाट भाग एका ओळीत येतात म्हणून आडव्या पट्ट्या दिसतात. एवढ्या प्रती का लागतात, तर शेवटच्या टप्प्यात या पेशींना ढीगभर गोंद बनवायचा असतो. अळी तो तोंडातून बाहेर सोडते आणि कोष काचेला चिकटतो, तुझ्या बाटलीतला एखादा सोडवून बघ, सहज निघत नाही.

आता ते कडं. त्या पेशी साध्याच आहेत, क्रोमोसोमच्या दोनच प्रती असलेल्या, अळीसाठी त्या काही करत नाहीत. कोषात गेल्यावर एकडायसोन हार्मोनच्या इशाऱ्यावर मोठ्या पेशी मरून विरघळतात आणि या छोट्या विभागून माशीची नवीन ग्रंथी बनवतात. मला हा भाग फार आवडतो, की फुगलेल्या पेशींना परतीची वाटच नाही, म्हणून पुढच्या जन्मासाठी मूठभर पेशी आधीच बाजूला ठेवलेल्या असतात. स्लाइडवर ते कडं खुणा करून दाखव, परीक्षकांना आवडेल.

आणि ग्रंथीला लागलेली पांढरी चरबी नीट काढून टाक, तिच्याही पेशी फुगलेल्या असतात, त्यामुळे गोंधळ होतो.

डोणीवरचा:
गो बाय, माझा अनुभव सांगतो, विहिरीजवळच्या डोणीत तळाच्या गाळात लाल अळ्या असतात बघ, त्या कायरोनोमसच्या, म्हणजे डासासारख्या दिसणाऱ्या माशीच्या, रक्तासारखं हिमोग्लोबिन असतं म्हणून लाल. बाल्बियानी नावाच्या शास्त्रज्ञाने १८८१ मध्ये हे जाड क्रोमोसोम पहिल्यांदा याच जातीच्या अळीत पाहिले. ग्रंथीत पेशी तीस-चाळीसच असतात पण एकेक पेशी अवाढव्य, आणि चारही क्रोमोसोम सुटे दिसतात, फळमाशीत कसे सगळे मधे एका गोळ्यात अडकलेले असतात तसं नाही. एका छोट्या क्रोमोसोमवर फुगलेली रिंग दिसेल, तिथे रेशमासारख्या धाग्याचं प्रोटीन बनवायचं काम जोरात चालू असतं, त्या धाग्यानेच ती गाळाची नळी बांधून आत राहते.

परशुराम_घाट:
हो, डोणीतल्या अळ्या घेच. फळमाशीसाठी उरलेल्या दिवसांत बाटली गारव्यात ठेव, ओल्या गोणपाटात गुंडाळून माजघरात. सध्याच्या उकाड्यात ३० डिग्रीच्या वर नर वांझ व्हायला लागतात आणि बाटलीतली पैदास थांबते, शिवाय गारव्यात हळू वाढलेली अळी जाडजूड होते आणि क्रोमोसोम सुरेख पसरतात. यीस्ट थोडं जास्त घाल आणि गर्दी करू नकोस. काचेवर चढणारी पण अजून मऊ असलेली अळीच घे. अजून एक, परसातली माशी पुस्तकातलीच जात असेल असं समजू नको, आपल्याकडे ड्रोसोफिला अनानासीही खूप असते आणि तिच्या क्रोमोसोमवर कधी कधी वळसा घेतलेला फास दिसतो. तो दिसला तर स्लाइड टाकू नको, तिथे क्रोमोसोमचा तुकडा उलटा बसलेला असतो, दुर्मीळ नाही पण बघायला मिळणं मोठं आहे.

समुद्रकाठ_टीवाय:
दोघांचेही खूप आभार सर. फास मला एका स्लाइडवर दिसला होता आणि मी ती खराब झाली म्हणून धुऊन टाकली! उद्या पहाटे डोणीतला गाळ गाळून बघते, दुपारच्या आत दोन्हीच्या ग्रंथी शेजारी-शेजारी लावून फोटो टाकते.