मदत हवी आहे – इन्फ्रारेड फिल्टर लावला की फोटोच्या मधोमध पांढुरका डाग येतोय

राम राम मंडळी, जुन्या डीएसएलआरवर ७२० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड फिल्टर (डोळ्यांना दिसणारा उजेड जवळपास सगळा अडवून इन्फ्रारेड आत सोडणारी काच) लावून यावल-रावेरकडच्या केळीच्या बागांचे फोटो काढतोय. पानं बर्फासारखी पांढरी आणि आभाळ काळं, असलं काहीतरी पाहिजे. ऊन तर आपल्याकडे फुकटचं, त्याची चिंता नाही, पण सेन्सरपुढची काच इन्फ्रारेड अडवते ना, म्हणून भर दुपारीसुद्धा आयएसओ ४०० ला २०-३० सेकंद शटर उघडं ठेवावं लागतं आणि तेवढ्यात वारा आला की केळीच्या पानांचा नुसता धूर दिसतो. फिल्टर लावल्यावर व्ह्यूफाइंडरमधून काहीच दिसत नाही, मग आधी ट्रायपॉडवर फ्रेम धरायची, फोकस करायचा आणि मग फिल्टर फिरवत बसायचं, त्यात कॅमेरा जरा हलला की सगळं पुन्हा.

खरी डोकेदुखी तो डाग. किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत येते ती) एफ ८ च्या पुढे गेलं, म्हणजे लेन्सचं भोक अजून बारीक केलं, की मधोमध गोल पांढुरका डाग येतो, एफ ५.६ ला जरा कमी असतो. हा लेन्सच्या आतल्या कोटिंगचा प्रकार वाटतो, फिल्टर बदलून काही होणार नाही बहुतेक. ५० एमएमच्या लेन्सवर कोणी करून बघितलंय का? आणि सेन्सरची काच काढून कॅमेरा कायमचा इन्फ्रारेड करून देणारा भरवशाचा माणूस जळगाव, धुळे नाहीतर नाशिकला आहे का भो? पुण्या-मुंबईला कुरियरने पाठवायचा जीव होत नाही.